सरांचा सगळ्यात गाजलेला पेपर

सरांच्या लक्षात माणसांचे चेहरे राहत नसत, हात राहत. रोह्याच्या बाजारात कुणी नमस्कार केला की ते आधी त्याच्या तोंडाकडे बघून कसनुसं हसायचे. मग नजर कोपराच्या खोबणीकडे गेली की एकदम खुलायचे. "अरे, तू होय! डावा हात! उजव्यानं मला किती छळलंस रे!" समोरचा बिचारा हातातली कोथिंबीर सांभाळत चारचौघांत ओशाळायचा. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतल्या कितीतरी माणसांचं रक्त सरांनी स्वतः काढलं होतं. टेक्निशियन ठेवायला ते तयार नसत. "ज्याचं रक्त त्याच्याशी दोन शब्द बोललो नाय, तर नळीत मला काय दिसणार?" असं म्हणायचे.

सर मूळचे कासूचे. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत त्यांनी उभी हयात इम्युनॉलॉजीत काढली, मधे परदेशीही राहून आले, आणि निवृत्त झाल्यावर रोह्यातल्या आमच्या कॉलेजात एक खोली मागून घेऊन तिथं प्रयोगशाळा थाटली. इम्युनॉलॉजी म्हणजे काय, असं गावात कुणी विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "तुझ्या अंगात एक राखणदार असतो. चोर एकदा येऊन गेला की त्याचं थोबाड तो किती वर्षं लक्षात ठेवतो, ते मी बघतो." ज्यांना स्वतःच्या प्राचार्यांचा चेहरा दर सोमवारी नव्यानं ओळखावा लागे, त्यांनी हे सांगावं याची मला गंमत वाटे.

मी खांबची. एमएस्सी करून एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. पगार बरा, कंपनीची बस नाक्यावर. ती नोकरी सोडून मी सरांकडे पीएच.डी.ला गेले तेव्हा आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. बाबा तेवढे म्हणाले, "शिकतंय तर शिकू दे. भात काय पलून जात नाय." आमची थोडी भातशेती आहे, आणि जगातल्या बहुतेक प्रश्नांवर बाबांचं हेच उत्तर असतं.

सर राहायचे पेणला, गणपतीच्या एका कारखान्याच्या वरच्या खोलीत. खाली हंगामात पाय ठेवायला जागा नसे. सर छत्री पोटाशी धरून मूर्तींच्या रांगांमधून वाट काढत, आणि कारागिरांना सांगत, "एवढे हात केलेत, पण एकालाही शीर काढली नाय तुम्ही. उद्या देवाला सलाईन लावायची वेळ आली तर?" कारागीर हसायचे आणि त्यांना बाजूनं जपून जायला सांगायचे.

पेणहून रोह्याला ते पॅसेंजरनं येत. सोबत थर्माकोलचा एक डबा, त्यात रक्ताचे नमुने, आणि नमुन्यांवर मासळी बाजारातून आणलेला बर्फ. कॉलेजच्या बर्फाच्या मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण ते मशीन वीज गेली की सगळ्यात आधी मान टाकी. कोळणींचा बर्फ मात्र कधी दगा देत नसे. डब्यालाही त्यामुळे मासळीचाच वास. डब्यात रक्त आहे हे गाडीतल्या कुणाला पटत नसे. एकदा कासूला चढलेल्या एका बाईंनी विचारलं, "पापलेट हाय का वो? कशी दिली?" सर म्हणाले, "पापलेट नाय बाय, माणसाचं रक्त हाय." बाई उठून दुसऱ्या डब्यात गेल्या. सरांना ऐसपैस जागा मिळाली. नंतर गर्दी असली की ते मुद्दाम कुणी भाव विचारायची वाट बघत, असा माझा संशय आहे.

पण सरांचा खरा विक्षिप्तपणा उल्लेखांच्या बाबतीत होता. संशोधकाचा पेपर छापून आला की दुसरे संशोधक आपल्या पेपरात त्याचा उल्लेख करतात. त्यालाच सायटेशन म्हणतात. हे उल्लेख जितके जास्त तितकं त्या माणसाचं वजन जास्त. आमच्या क्षेत्रातली माणसं सकाळी दात घासण्याआधी आपला आकडा वाढला का ते बघतात. सर आकडा बघतच नसत. ते उल्लेख करणाऱ्याचा अख्खा पेपर छापून घेत आणि पेन्सिल घेऊन पहिल्या ओळीपासून वाचत. "आपल्या घरी पाहुणा आला तर तो कोण, कशाला आला, एवढं तरी विचारायला नको?" असं त्यांचं म्हणणं.

वाचून झालं की त्या पाहुण्याची जात ठरे. ज्यानं सरांचा पेपर खरंच वाचलाय तो 'पाहुणा'. ज्यानं नुसतं शीर्षक वाचलंय तो 'वाटसरू'. आणि ज्याला शीर्षकही कळलं नाही, दुसऱ्याच्या यादीतून उचललंय, तो 'मांडवातला जेवणारा', म्हणजे मुलीकडचा की मुलाकडचा हे कुणालाच माहीत नाही, पण पंगतीत बसलाय. मांडवात जेवणारे फार निघत. त्या प्रत्येकाला सर ईमेल करत: माझं नाव घेतलंत, आभारी आहे, परंतु तुम्ही म्हणता तसं मी म्हटलेलं नाही, कृपया पेपर वाचावा. मी कपाळाला हात लावायची. लोक उल्लेख मिळावेत म्हणून एकमेकांच्या दाढ्या कुरवाळतात, आणि आमचे सर आलेला माणूस दारातून परत पाठवत होते.

ब्राझीलच्या एका प्राध्यापक बाईंना असंच पत्र गेलं. त्यांनी चूक मान्य केली, वर लांबलचक उत्तर लिहिलं. सर इतके खूश झाले की त्यांनी बाईंना पोस्टानं पेणचे पोह्याचे पापड पाठवले. पापड चुरा होऊन पोचले. बाईंनी कळवलं की तो चुरा त्या सूपवर भुरभुरून खातात आणि तिथल्या कॅन्टीनमध्ये त्याला मागणी आहे.

तर हे सगळे पाहुणे यायचे ते मुख्यतः एकाच पेपराकडे. सरांचे बाकीचे पेपर चांगले होते, पण त्यांच्याकडे घरचीच चार माणसं फिरकत. गाजला तो लेप्टोचा. लेप्टो म्हणजे उंदरांच्या मुतातून चिखलात उतरणारा आणि पायांच्या भेगांतून अंगात शिरणारा ताप. आपल्याकडे पावसाळ्यात तो येतोच. त्या तापाविरुद्धच्या अँटिबॉडी निरोगी माणसाच्या रक्तातही थोड्याफार सापडतात. मग किती सापडल्या म्हणजे ताप खरा, आणि किती असल्या तर दुर्लक्ष करायचं? ती रेषा सरांनी आपल्या भागासाठी आखून दिली होती. मी त्यांच्याकडे येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्यांनी एका बाजूला शेतात राबणारे, तापानं आजारी पडलेले लोक घेतले, आणि दुसऱ्या बाजूला चिखलाशी संबंध नसलेले, कंपनीत काम करणारे निरोगी लोक. दोघांच्या रक्तातला फरक मोजला आणि रेषा ठरली. पुढे भाताच्या मुलखातले कुठकुठले लोक ती रेषा वापरू लागले. सरांचं नाव झालं. प्राचार्यांनी उल्लेखांचा आकडा कॉलेजच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर, स्वतःच्या फोटोखाली छापला.

आकड्याला आणखी एक महत्त्व होतं आणि त्यात माझा जीव अडकला होता. कॉलेजातल्या आमच्या संशोधन केंद्राला कायमची मान्यता मिळायची होती. दिवाळीनंतर विद्यापीठाची समिती येणार होती. मार्गदर्शक एकटे सर, आणि त्यांच्या जमेला तो आकडा. मान्यता मिळाली तर माझी पीएच.डी. इथंच मार्गी लागणार होती, नाहीतर नोकरी सोडून घालवलेली माझी वर्षं गेली असती चुलीत.

त्या आषाढात बाबांनी सरांना लावणीचं जेवायला बोलावलं. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून रोह्याहून खांबला आणलं. सर उघडी छत्री धरून बसले होते, त्यामुळे स्कूटर मी कमी आणि वाराच जास्त चालवत होता. आमच्या शेताच्या अलीकडे कुणीतरी गुडघाभर चिखलात उभा राहून हात वर करून हाक मारली. आमच्या गावचा दिलीप. मी हात हलवला आणि पुढे निघाले.

"थांब गो," सर म्हणाले. "हा हात माझ्या ओळखीचा हाय."

सर बांधावरून तोल सांभाळत गेले. दिलीपनं रोपांची मूठ खाली ठेवली आणि चिखलाचे हात पाठीमागे घेतले. सरांनी तो हात ओढून पुढे घेतला, कोपरापर्यंत पुसला आणि बराच वेळ बघत राहिले.

"तुझं रक्त मी घेतलंय. कंपनीत."

"व्हय सर. ग्येटजवल. बिस्किटचा पुडा दिलावता तुमी."

"मग तू इथं कसा?"

दिलीपला प्रश्नच कळला नाही. "लावनी हाय ना सर. सुट्टी टाकलीय. सगलेच टाकतात. या दिसांत शिफ्टला निम्मी मानसा नसतात, म्यानेजर नुसता बोंबलतो."

"दरवर्षी येतोस?"

"मंग? शेती कोन करनार?"

सर बांधावर बसले. मला आधी वाटलं चक्कर आली. मग माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडे ज्याला कंपनीत नोकरी आहे त्याला विचारा, काय करतोस, तर तो "कंपनीत" एवढंच सांगणार. शेतीचं तो नावही काढणार नाही. शेती म्हणजे काम थोडंच आहे, ती घरची गोष्ट. चहा पितो, जेवतो, तसा लावणीला जातो. बाहेरच्या माणसाला हे ठाऊक नसेल तर समजण्यासारखं आहे. पण सर कासूचे. मुंबईला शिकत असताना ते स्वतः लावणीला घरी येत असत, आणि मुंबईत कुणी विचारलं तर "विद्यार्थी आहे" असंच सांगत असणार. गावचा माणूस असल्यामुळेच त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नव्हता.

सर पोटभर जेवले, हे मला आठवतं. बाबांनी पानात दुसऱ्यांदा वाढलं तेव्हाही नको म्हणाले नाहीत. जेवता जेवता त्यांनी बाबांना सगळं समजावून सांगितलं. "पुराचं पाणी मोजायला मी काठी रोवली. कोरड्या जमिनीत रोवली असं मला वाटलं. पण ती आधीच पाण्यात होती. आता खरं पाणी चढलं तरी काठीवर कमीच दिसणार."

"म्हंजे आजारी मानूस बरा दिसनार?" बाबांनी विचारलं.

"व्हय. ताप असून डॉक्टर त्याला सांगणार, तुला लेप्टो नाय, घरी जा."

बाबांनी ताटातला हात थांबवला. मग म्हणाले, "मंग सांगा की सगल्यांना."

सर पुढचे बरेच दिवस जुन्या 'निरोगी' माणसांच्या घरी पुन्हा पुन्हा जात राहिले. मी बरोबर असायची. आता प्रश्न वेगळा होता: लावणीला जाता का? बहुतेक सगळे जात होते. जे जात नव्हते ते कापणीआधी बांध बघायला, नाहीतर खेकडे पकडायला जात होते. शेवटच्या घरातून बाहेर पडल्यावर सर म्हणाले, "पेपर मागे घेतो."

मी भांडले. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. माझं म्हणणं बरोबर होतं असं नाही, पण पणाला लागलेलं माझं होतं. "सर, दिवाळीनंतर समिती येतेय. ती येऊन जाऊ दे. मग घ्या मागे. चार महिन्यांनी काय बिघडतंय?"

"समिती दिवाळीनंतर येणार," सर म्हणाले. "आणि ताप कधी येतो?"

मी स्कूटरची किल्ली शोधायला लागले.

"बोल ना. ताप कधी येतो गो?"

"मी नोकरी सोडून आलेय सर."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ मी पुन्हा कधी ऐकला नाही. पण त्याच दिवशी त्यांनी संपादकांना लिहिलं. प्राचार्य धावत आले. छोटीशी दुरुस्ती छापून भागणार नाही का, असं त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. सरांनी त्यांना तिन्ही वेळा चहा दिला. मग सर यादी घेऊन बसले आणि ज्यानं ज्यानं त्या पेपराचा उल्लेख केला होता त्या प्रत्येकाला कळवायला लागले. पाहुण्यांना, वाटसरूंना आणि मांडवातल्या जेवणाऱ्यांनासुद्धा. ब्राझीलच्या बाईंचं उत्तर सगळ्यात आधी आलं. त्यांनी आपली रेषाही तपासायला घेतली होती.

आता नवी रेषा आखायची तर चिखलात पाय न घातलेली माणसं हवीत. या दोन तालुक्यांत अशी माणसं शोधणं म्हणजे खाडीत कोरडा मासा शोधणं. सर हवालदिल झाले. तोडगा सापडला तो रोह्यात, इब्राहिमभाईंच्या ओसरीवर. इब्राहिमभाई आखातातून रजेवर आले होते. वर्षानुवर्षं तिकडेच, मधे दीड-दोन वर्षांनी घरी. सरांनी सहज विचारलं, "चिखलात शेवटचा पाय कधी घातलात?"

इब्राहिमभाई हसले. "सर, आमच्या तिकडे चिखल बघायचा तर इमानाचं तिकीट काढून इकडे यावं लागतं."

सरांनी त्यांची बाही तिथंच वर केली.

मग सुट्टीवर आलेल्या मंडळींच्या घरी आमची वरात निघाली. विमानातून उतरलेला माणूस चिखलात उतरायच्या आत गाठायचा, अशी शर्यत. कुणाच्या घरी साखरपुडा, कुणाकडे बारसं. सर थर्माकोलचा डबा घेऊन मांडवात हजर, आणि नवऱ्या मुलाचा मामा बाही वर करून तयार. जेवल्याशिवाय कुणी सोडत नसे. तांदळाच्या रोट्या आणि मटण खाऊन माझं वजन वाढलं. एक जण विमानतळावरून थेट आपल्या शेतावर जाऊन आला होता, त्याला सरांनी हात जोडले आणि रक्त न घेताच परत फिरले. त्याला फार वाईट वाटलं. अत्तराची बाटली त्यानं तरीही दिलीच.

दिवाळीनंतर समिती आली. अध्यक्ष कागद उलटू लागले, तेवढ्यात सरच म्हणाले, "त्यातला मोठा आकडा आता धरू नका. तो पेपर मी मागे घेतलाय."

"पण तुमचे बहुतेक उल्लेख त्याच पेपराचे आहेत," अध्यक्ष म्हणाले.

"होते."

अध्यक्ष भला माणूस होता. त्यानं कागद मिटले, पोहे खाल्ले, आणि मान्यता नाकारली. माझी नोंदणी मुंबईच्या एका मार्गदर्शकांकडे गेली. पीएच.डी. लांबली ती लांबलीच. मी तासिकेवर शिकवू लागले, आणि आईचा अबोला, जो कुठं सुटत आला होता, तो पुन्हा सुरू झाला. सरांवर माझा राग होता. तो घेऊनच मी रोज प्रयोगशाळेत जात होते, कारण नव्या रेषेचं काम अर्धवट टाकणं मला जमेना. सरांनी मला कधी समजावलं नाही. माझ्या टेबलावर ते फक्त रोज एक बिस्किटाचा पुडा ठेवत, रक्त दिलेल्या माणसाला देतात तसा.

गंमत म्हणजे मागे घेतलेल्या पेपराचे उल्लेख थांबले नाहीत. वारलेल्या माणसाच्या नावानं लग्नपत्रिका येत राहतात तसे ते येत राहिले. सर हसून म्हणायचे, "बघ गो, मागे घेतल्यावर जास्त खपतोय."

नवा पेपर एका लहानशा नियतकालिकात आला. रेषा बरीच खाली आली होती. पेपर छापून येण्याची वाटही सरांनी पाहिली नव्हती. आधीच ते छत्री घेऊन एकेका आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना सांगून आले होते. रोह्यातला एक तरुण डॉक्टर गोंधळून म्हणाला, "पण सर, आम्ही आजवर तुमच्याच पेपराप्रमाणे चाललो होतो." सर म्हणाले, "व्हय, माझ्याच. आता हा घ्या." आता सर भाचीकडे पुण्याला असतात. तिथल्या बागेत फिरायला येणाऱ्यांच्या शिरा फार खोल आहेत अशी त्यांची तक्रार असते.

नवा पेपर आला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात बाबांना ताप आला. त्यांनी तो नेहमीसारखा अंगावर काढला. पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की बांधावरून चालवेना, डोळे लाल झाले, तेव्हा मी त्यांना रोह्याला त्याच तरुण डॉक्टरकडे नेलं. त्यानं रक्ताचा रिपोर्ट पाहिला, पुन्हा पाहिला, आणि बाबांना दाखल करून घेतलं. सलाईन लावून झाल्यावर मला बाहेर बोलावून म्हणाला, "तुमच्या बाबांचा आकडा जुन्या रेषेच्या खाली आणि नव्या रेषेच्या वर आहे. जुन्या हिशेबानं मी यांना गोळ्या देऊन घरी पाठवलं असतं. मूत्रपिंडाला सूज यायला लागलीय. अजून दोन-चार दिवस गेले असते तर माझ्या हातात काही राहिलं नसतं."

मी दवाखान्याच्या आवारात उभी राहून रडले. मग सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"जेवले का?" त्यांनी विचारलं.

"पेज प्यायले थोडी."

"लघवी होतेय ना?"

"होतेय."

"मग बरं हाय," सर म्हणाले. फोन त्यांनी घाईघाईनं ठेवून दिला.

वर्ष संपल्यावर मी कॉलेजच्या संगणकावर सरांची यादी उघडून पाहिली. मागे घेतलेल्या पेपराचे त्या वर्षीही उल्लेख झाले होते. नव्या पेपरापुढे शून्य होतं. त्याला जगात कुणी विचारलं नव्हतं. मी घरी आले तेव्हा बाबा पडवीत बसून भाजलेला बोंबील सोलत होते, आणि काटा नीट निघत नाही म्हणून आईवर खेकसत होते.